ऐकू आलं का? : अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेची चार दशके

मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गाला आणि वांद्रे रेक्लमेशनवरच्या एका राष्ट्रीय संस्थेला एकाच माणसाचे नाव आहे. रस्त्याचे हे नाव रोज त्यावरून जाणाऱ्यांनाही आठवत नाही. संस्थेचे मात्र उलटे झाले. तिचे अधिकृत नाव लांबलचक आहे, ते मधल्या काळात बदललेही, पण श्रवणदोषाच्या क्षेत्रात ‘अली यावर जंग’ एवढे म्हटले की भागते.

अली यावर जंग हैदराबादचे. ऑक्सफर्डला शिकून आलेले, उस्मानिया विद्यापीठाचे दोनदा कुलगुरू झालेले, मधल्या काळात निजामाच्या सरकारात मंत्री राहिलेले. पुढे इजिप्त, फ्रान्स आणि अमेरिकेत ते भारताचे राजदूत होते, अलीगढचे कुलगुरू होते आणि १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल. ११ डिसेंबर १९७६ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. नांदेडकरांसाठी त्यांच्या राज्यपालपदाच्या काळातली एक घटना महत्त्वाची आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा राजभवनात जंग होते. चव्हाण भोकरचे आमदार, उस्मानियातून कायद्याची पदवी घेतलेले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेले. जुन्या हैदराबाद संस्थानातली ही दोन माणसे वेगवेगळ्या वाटांनी मुंबईला पोचली होती.

आज भोकर तालुक्यातल्या एखाद्या लेकराला ऐकू येत नाही अशी शंका आली, तर त्याच्या फायलीत या दोघांची नावे मागेपुढे येण्याचा पुष्कळ संभव असतो. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला शंकररावांचे नाव आहे. मुलाची शस्त्रक्रिया केंद्र सरकारच्या योजनेतून व्हायची असेल तर अर्ज जातो तो जंग यांच्या नावाच्या संस्थेकडे. या दोन नावांच्या मधे जे अंतर आहे, तेच या संस्थेच्या इतिहासाचा खरा विषय आहे.

९ ऑगस्ट १९८३ ही संस्थेची स्थापना तिथी. त्याआधी दोन वर्षे, १९८१ साली, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष पाळले होते. भारत सरकारने त्या सुमारास अपंगत्वाच्या एकेका प्रकारासाठी राष्ट्रीय संस्था उभ्या करायला घेतल्या: अंधांसाठी डेहराडूनला, अस्थिव्यंगांसाठी कलकत्त्याला, मतिमंदांसाठी सिकंदराबादला. श्रवणदोषाची संस्था मुंबईला आली. तिच्या वाट्याला रुग्णालय आले नाही, हे लक्षात ठेवायला हवे. खाटा नाहीत, शस्त्रक्रियेची टेबले नाहीत. आली ती ध्वनिबंद खोली, ऑडिओमीटर, श्रवणयंत्रे, कानाचे साचे घडवण्याची कार्यशाळा, वर्ग आणि विद्यार्थी. ज्या संस्थेने कान कापायचा नाही, तिने कानाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात एवढी जागा का घ्यावी? त्याचे उत्तर शस्त्रक्रियेच्याच गोष्टीत आहे.

मुंबईला हा विषय नवा नव्हता. भारतातली बधिर मुलांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास याच शहरात, माझगाव परिसरात ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने सुरू झाली. नायर रुग्णालयात डॉ. एल. एच. हिरानंदानी यांनी कान-नाक-घसा विभाग नावारूपाला आणला, आणि त्याच रुग्णालयात १९६० च्या दशकात श्रवणतपासणी व वाचोपचाराचे शिक्षणही मिळू लागले. १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था निघाली. म्हणजे १९८३ पर्यंत देशात कानाचे शल्यविशारद होते, थोडेफार ऑडिओलॉजिस्ट होते, शाळा होत्या. पण यांतला प्रत्येक जण आपापल्या दारापुरता काम करत होता. शस्त्रक्रिया झालेला माणूस पुढे ऐकतो कसा, आणि ज्याची शस्त्रक्रिया होऊच शकत नाही त्याचे काय, हे विचारायला कोणी नेमलेले नव्हते.

त्याआधीचे दिवस शल्यविशारदांसाठी मोठ्या उत्साहाचे होते. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल रोझेन यांनी भूल फक्त कानापुरती दिलेल्या रुग्णाच्या कानातले स्टेपीज हे तांदळाच्या दाण्याहून लहान हाड चाचपून पाहिले. हाड अडकलेले आहे याची केवळ खात्री करायची होती. ते हलले, आणि रुग्ण टेबलावरच म्हणाला की मला ऐकू येते आहे. त्याच काळात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर यांनी फाटलेला पडदा आणि मोडलेली हाडांची साखळी पुन्हा बांधण्याचे शास्त्र रचले. १९५३ मध्ये झाइस कंपनीची शस्त्रक्रियेची सूक्ष्मदर्शिका बाजारात आली. १९५६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसच्या जॉन शे यांनी अडकलेले स्टेपीज काढून त्याजागी कृत्रिम हाड बसवले. कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूचे पातळ आवरण काढून त्याचा पडदा करण्याची पद्धत १९६० च्या आगेमागे रुळली, आणि आज नांदेड-लातूरच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात ‘पडद्याचे ऑपरेशन’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असते.

उत्साहात हिशेब थोडा सैल झाला होता. तो कसा, हे एका कल्पित ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, सांगता येईल.

कान दोन वाटांनी तपासतात. हेडफोनमधून आवाज दिला तर तो हवेतून, पडद्यावरून, हाडांच्या साखळीतून आत जातो. कानामागच्या हाडावर कंपक ठेवला तर आवाज पडदा व साखळी टाळून थेट आतल्या कानाला पोचतो. या दोन्हींत जेवढा फरक, तेवढा दोष मधल्या कानात. आणि तेवढाच शल्यविशारदाच्या हातात. आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी येते. समजा, शस्त्रक्रियेआधी हवेतून ऐकण्याची पातळी ५० डेसिबल आणि हाडातून २०. म्हणजे फरक ३०. शस्त्रक्रियेनंतर हवेतून २८ झाली. जुन्या २० शी तुलना केली तर फरक ८ उरतो, आणि १० च्या आत आला की यश, असा जगभरचा रिवाज. पण स्टेपीज मोकळे झाले की हाडातून ऐकण्याची पातळीही सुधारते; रेमंड कारहार्ट यांनी हे १९५० मध्येच दाखवले होते. त्याच दिवशी हाडाची तपासणी पुन्हा केली आणि ती १२ निघाली, तर फरक १६. तोच रुग्ण, तोच कान, आणि एका पद्धतीने यश तर दुसरीने अपयश.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा अकादमीने १९९५ मध्ये याचा बंदोबस्त केला. हवा आणि हाड या दोन्ही पातळ्या एकाच तपासणीतल्या घ्या, ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झ या चार स्वरांची सरासरी काढा, आणि निकाल निदान वर्षभरानंतरचा सांगा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ३००० हर्ट्झवर तपासणीच होत नाही, २००० नंतर थेट ४०००. म्हणून भारतीय शोधनिबंधांत ही चौथी संख्या कधी एक, कधी दुसरी दिसते. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधात पडदा किती जणांचा बसला याची टक्केवारी ठळक अक्षरात असते आणि ऐकणे किती सुधारले ते पुढच्या कोष्टकात, पुष्कळदा तीन महिन्यांच्या तपासणीवरून. यात विद्यार्थ्याचा दोष थोडा. वर्षभराने रुग्ण परत येतच नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत भोकरहून नांदेडच्या विष्णुपुरीतल्या वैद्यकीय महाविद्यालयात केवळ ऑडिओग्रामसाठी कोण जाणार?

बेलफास्टच्या गॉर्डन स्मिथ यांनी १९८५ मध्ये सहकाऱ्याबरोबर आणखी एक गैरसोयीचा प्रश्न पुढे आणला: रुग्णाला स्वतःला फरक कळतो का? त्यांचा ठोकताळा असा की शस्त्रक्रिया झालेला कान ३० डेसिबलच्या आत यायला हवा, नाहीतर दुसऱ्या कानाच्या १५ डेसिबल जवळ तरी. एखाद्याचा एक कान चांगला, २० डेसिबलचा, आणि दुसरा ६५ वरून ५० वर आणला, तर कागदावर १५ डेसिबलची कमाई दिसते. रुग्ण मात्र आधीही चांगल्या कानाने ऐकत होता, आताही त्यानेच ऐकतो. घरी गेल्यावर बायको विचारते, ऐकू येते का, आणि तो म्हणतो, पहिल्यासारखेच.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथला कान बहुधा ‘फुटलेला’ असतो. लहानपणी सर्दी, मग ठणका, मग पू, मग वर्षानुवर्षे वाहणारा कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालाने दीर्घकाळ कान वाहण्याचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक असलेल्या, म्हणजे तातडीने लक्ष घालायला हव्यात अशा देशांत भारताला धरले होते. कानात गरम तेल घालणे, काडीने कोरणे, तळ्यात म्हशींबरोबर डुंबणे, या गोष्टी पडद्याला भोक पडलेल्या कानाला महागात पडतात. अशा रुग्णाला डॉक्टर ‘कान कोरडा झाला’ म्हणतात तेव्हा शोधनिबंधाच्या वाचकाला ते दुय्यम यश वाटते. रुग्णाला ते मोठे असते: वास जातो, बोळा जातो, शेजारी बसणारा नाक मुरडत नाही. आणि ज्याचे ऐकणे शस्त्रक्रियेनेही पुरते परत येणार नाही, त्याला कोरड्या कानात निदान यंत्र घालता येते. ओल्या कानात साचा बसत नाही. बसवला तर पू कोंडतो आणि यंत्र पेटीत पडते. शल्यविशारदाचे काम संपते तिथे वांद्र्याच्या संस्थेचे सुरू होते ते असे.

संस्थेची पहिली वर्षे जमवाजमवीत गेली. १९८४ मध्ये कलकत्त्याला पहिले विभागीय केंद्र निघाले. १९८६ मध्ये दिल्ली आणि सिकंदराबादला, आणि ओडिशा सरकारच्या साथीने भुवनेश्वरला. यांतले सिकंदराबाद नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळचे. भोकर स्टेशनवर मुंबईकडे जाणारी नंदीग्राम एक्स्प्रेसही थांबते आणि सिकंदराबादकडे जाणारी कृष्णा एक्स्प्रेसही. तालुक्यातली मंडळी दवाखान्यासाठी हैदराबादची वाट पूर्वीपासून धरतात. भाषेची अडचण त्यांना फारशी नसते, कारण उर्दू आणि तेलुगू कानावरून गेलेली असते.

त्या काळी सरकारी योजनेतून मिळणारे श्रवणयंत्र म्हणजे खिशात ठेवायची डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानातले बटण. शर्टाच्या खिशाचे कापड घासले तरी खरखर ऐकू यायची. अपंगांना साहित्य पुरवणारी केंद्राची ‘अडिप’ योजना १९८१ पासून चालू होती आणि शिबिरांत अशी यंत्रे वाटली जात. वाटपाचे फोटो सोपे असतात. यंत्राचा आवाज त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे लावणे, साचा त्याच्याच कानाचा घेणे, महिन्याने परत बोलावून पाहणे, हे फोटोत येत नाही. ते करायला माणसे लागतात, आणि संस्थेने पहिल्या दोन दशकांत सर्वांत मोठे काम केले ते माणसे घडवण्याचे. ऑडिओलॉजी व वाचोपचाराची पदवी, पदव्युत्तर पदवी, श्रवणदोष असलेल्या मुलांच्या शिक्षकांसाठी बी.एड., एम.एड. हा निर्णय बरोबर होता असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते, जरी त्यामुळे खेड्यापाड्यांत पोचायला उशीर झाला. शिकवलेली माणसे शहरांत राहिली, परदेशी गेली. तरीही १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची चौकट दिली तेव्हा नोंदवायला माणसे होती, ती काही अंशी या वर्गांमुळेच.

कायद्याने डेसिबललाही किंमत आणली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात चांगल्या कानाची हानी ६० डेसिबल वा अधिक असली तर श्रवणदोष धरला जाई. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने दोन भाग केले: दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी म्हणजे बधिर, आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा. एसटीच्या सवलतीपासून नोकरीच्या आरक्षणापर्यंत सगळे या आकड्यांवर टेकलेले असल्यामुळे खोटे न ऐकणारेही तपासणीला येऊ लागले. ज्याला खरेच ऐकू येत नाही आणि ज्याला दाखल्यापुरते ऐकू येत नाही, त्यांना वेगळे करण्यासाठी मेंदूच्या तरंगांची तपासणी कामी येते. तिला सगळेजण ‘बेरा’ म्हणतात. झोपलेल्या तान्ह्या बाळाचा कान याच तपासणीने कळतो; बाळाला हात वर करायला सांगावे लागत नाही. संस्थेच्या दृष्टीने ती दाखल्यापेक्षा बाळांसाठी महत्त्वाची.

बाळ लवकर सापडणे का महत्त्वाचे, हे कळायला कॉक्लिअर इम्प्लांटकडे, म्हणजे आतल्या कानात बसवून श्रवणमज्जातंतूला विजेने चेतवणाऱ्या उपकरणाकडे, यावे लागते.

१९५७ मध्ये पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणमज्जातंतूला विजेने चेतवले. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी रुग्णांत पहिली उपकरणे बसवली. १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रीम क्लार्क यांनी अनेक वाहिन्यांचे उपकरण बसवले आणि बोललेले शब्द कळू लागण्याची खरी सुरुवात झाली. भारतात हे १९९० च्या दशकात आले. मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने आणि चेन्नईत डॉ. मोहन कामेश्वरन यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. पण उपकरण ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया नाहीतर अमेरिकेचे, आणि किंमत अनेक लाखांची. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने जमीन विकली तरी पुरी पडेल याची खात्री नाही. आंध्र प्रदेशाने २००७ च्या आरोग्यश्री योजनेत लहान मुलांसाठी इम्प्लांट आणले, तेव्हा सीमेवरच्या नांदेड जिल्ह्यात त्याची चर्चा होणे स्वाभाविक होते: पलीकडच्या निजामाबादच्या पोराला मिळते, आपल्याला का नाही?

२०१४ मध्ये अडिप योजनेची फेररचना झाली आणि जन्मतः बहिऱ्या, पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट त्यात आले. एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंत मर्यादा, वर्षाला ५०० मुले, आणि साऱ्या देशासाठी समन्वय करणारी संस्था म्हणून अली यावर जंग. ज्या संस्थेत शस्त्रक्रियेचे टेबल नाही, तिच्याकडे देशातल्या सर्वांत महागड्या कर्णशस्त्रक्रियेचा कारभार आला. वरवर विसंगत, पण विचार केला तर योग्य. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची. तीन-चार आठवड्यांनी जखम भरल्यावर बाहेरचे यंत्र लावून पहिल्यांदा चालू करतात. बाळ त्या क्षणी बहुधा रडते किंवा दचकते. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत दिसते तसे गोड हसू प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. त्या आवाजांना अर्थ यायला दोन-तीन वर्षांची स्पीच थेरपी लागते, दर काही महिन्यांनी विद्युतप्रवाहाचे मॅपिंग लागते, आणि घरातल्या माणसांना दिवसभर बोलत राहावे लागते. यांतले शस्त्रक्रियेचे काम शल्यविशारदाचे. बाकीचे सगळे त्या शाखेचे, जी संस्था १९८३ पासून शिकवत आली.

निकाल मोजायचा तर इथे ऑडिओग्राम पुरत नाही. यंत्र चालू असले की आवाज ३० डेसिबलला कळतो. पण ‘आई’ आणि ‘ताई’ यांतला फरक कळतो का? नॉटिंगहॅममध्ये स्यू आर्चबोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेली शून्य ते सातची पायरी यासाठी वापरतात. शून्य म्हणजे आजूबाजूच्या आवाजाचे भान नाही. पाच म्हणजे ओठ न पाहता नेहमीची वाक्ये कळतात. सात म्हणजे ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलता येते. भारतातल्या बहुतेक इम्प्लांट-संशोधनात हीच पायरी आढळते, कारण ती सोपी आहे, फुकट आहे आणि थेरपिस्टला पाच मिनिटांत भरता येते. वयाचा परिणामही ठळक आहे. अनू शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मेंदूच्या तरंगांवरून दाखवले की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद वयाला साजेसा होतो. सात वर्षांनंतर झालेल्यांत तो सहसा होत नाही. पाच वर्षांची सरकारी मर्यादा पाहता, साडेतीनला पोचलेले मूल आणि चार वर्षे अकरा महिन्यांचे मूल कागदावर सारखेच पात्र. प्रत्यक्षात नाहीत.

या साडेतीन वर्षांत भोकरचे मूल कुठे असते? बाळ हाक मारल्यावर वळत नाही हे आईला वर्षाच्या आत जाणवते. आजी म्हणते, ‘त्याचा बाप बी उशिरानंच बोलला.’ दीड वर्षाला टाळू दाखवली जाते, दोन वर्षांना नवस होतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या जोडप्यांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, आणि मराठवाड्यात ही सोयरीक अजून पुष्कळ घरांत चालते. पण सोयरिकीकडे बोट दाखवण्याचे धाडस गावच्या आशा कार्यकर्तीला होत नाही, आणि ते तिच्यावर टाकणेही बरोबर नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी धरली आहे. अंगणवाडीत येणारे पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. त्याआधी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते, आणि पडद्याच्या वा कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे नाहीत ही अडचण अनेकांपुरती कमी झाली. अडचण उरली ती नंतरची. थेरपिस्ट नांदेडला, आठवड्यातून दोनदा जायचे, आईची मजुरी बुडते, धाकटे मूल काखेत.

भाषेचा प्रश्न त्याहून किचकट. वाक्श्रवणाची चाचणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. आता भोकर-हिमायतनगर पट्ट्यातला बंजारा तांडा घ्या. घरात गोरमाटी, बाजारात तेलुगूमिश्रित मराठी, मोहल्ल्यात उर्दू, अंगणवाडीत पुस्तकी मराठी. थेरपिस्ट आईला सांगते, मुलाशी सतत मराठीत बोला. आईची मराठी कामापुरती. ती बोलायचीच थांबते. वर्षाने मूल पायरीवर तीनला अडते आणि शेरा येतो, ‘घरचे सहकार्य कमी’. या शेऱ्याइतका अन्यायाचा शेरा दुसरा नसेल. तिला गोरमाटीतच बोलू दिले असते तर पायरी कदाचित पुढे सरकली असती. आ, ई, ऊ, म, श, स हे डॅनियल लिंग यांचे सहा आवाज कोणत्याही भाषेत चालतात. मूल ते ओळखते का हे आई रोज सकाळी यंत्र लावल्यावर स्वतः पाहू शकते. शब्दांच्या याद्या मात्र भाषेगणिक वेगळ्या कराव्या लागतात, आणि मराठवाड्याच्या बोलींसाठी ते काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय आणि वांद्र्याची संस्था यांनी मिळून एखादा प्रबंध या विषयावर द्यावा, एवढे सुचवायला हरकत नाही.

सगळी मुले इम्प्लांटच्या वाटेने जात नाहीत, जायलाही नकोत. काहींचा श्रवणमज्जातंतूच घडलेला नसतो. काही सात-आठ वर्षांची होऊन येतात. त्यांच्यासाठी हातांची भाषा आहे. १८८० च्या मिलान परिषदेनंतर जगभर बधिर शाळांतून तिला हुसकावले गेले होते, भारतातही दीर्घकाळ तोंडी शिक्षणाचाच आग्रह होता. या शतकाच्या सुरुवातीला वांद्र्याच्या संस्थेने भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र कक्ष काढला आणि दुभाष्यांचे प्रशिक्षण सुरू केले. ऐकण्याचे माप घेणाऱ्या संस्थेने न ऐकणाऱ्यांच्या भाषेला खोली द्यावी, याला काही जुन्या शिक्षकांनी नाके मुरडली असतील. पण ज्यांचा निकाल डेसिबलमध्ये येणारच नाही, त्यांनाही शिकायचे असतेच. २०१५ मध्ये दिल्लीत सांकेतिक भाषेचे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र झाले.

२०१६ मध्ये संस्थेचे नाव बदलून ‘वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था’ असे झाले. आता नावात वाचेलाही जागा मिळाली. पाटी बदलली, जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडचे नाव तेच राहिले.

अडिपमधून २०१४-१५ मध्ये इम्प्लांट झालेली मुले आता माध्यमिक शाळेत आहेत. कानाच्या आत बसवलेला भाग वर्षानुवर्षे चालतो. डोक्याबाहेरचे यंत्र मात्र झिजते. वायर तुटते, पावसाळ्यात ओल धरते, बॅटरीचा खर्च दर महिन्याचा. हमीची मुदत संपली की सुटे भाग हजारांत आणि नवे बाहेरचे यंत्र लाखांत जाते, आणि कंपनी जुने मॉडेल बंद करते तेव्हा दुरुस्तीही होत नाही. यंत्र बंद पडलेल्या मुलाची पायरी सातवरून थेट शून्यावर येते, मधे कुठे थांबत नाही. शस्त्रक्रियांची संख्या सांगणारे फलक जागोजागी लागतात. त्याच फलकावर पाच आणि दहा वर्षांनंतर किती मुलांची यंत्रे चालू आहेत हा रकाना जोडला, तर वांद्र्याच्या संस्थेची पुढची कामे आपोआप ठरतील: तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा येणारा तंत्रज्ञ, वायर आणि बॅटरीचा साठा, आणि थेरपीसाठी फोनवर उपलब्ध असलेली, आईची बोली समजणारी एखादी बाई.